घुंगरू नसलेली कॅसेट

माझे कान गेले तेव्हा आधी मला आनंद झाला होता. हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते असंच झालं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी रत्नागिरीत एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. एके सकाळी नव्या मालातली एक कॅसेट लावली, तर तिच्यात सरसर अजिबात नव्हती. त्या काळच्या टेपची सरसर ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती समजावून सांगायला नको. गाणं सुरू व्हायच्या आधी, दोन गाण्यांच्या मधे आणि गायिकेनं श्वास घेतला की मागून येणारी ती, कुणी तांदूळ निवडत बसल्यासारखी. ती नव्हती. मी दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली, सगळ्या स्वच्छ. मी खूश होऊन दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, 'नवा माल आला आहे. सरसर बिलकूल नाही. कंपनीचे अभिनंदन.'

हा फळा म्हणजे माझी मिजास होती. दुकान बाजारपेठेत होतं, मालक राजिवड्याचे. आयुष्यभर बोटीवर नोकरी करून परत येताना त्यांनी दोन कॅसेटी एकदम चालणारा मोठा डेक आणला आणि त्याच्याभोवती दुकान थाटलं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. चाचांना स्वतःला कव्वाली आणि रेडिओवरच्या बातम्या यांपलीकडे कशात गम्य नव्हतं. मी नुकताच क्षयातून उठलो होतो. सरकारी दवाखान्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेऊन छाती साफ झाली होती, पण गावात माझ्या खोकल्याची कीर्ती अजून शिल्लक होती आणि मला कुणी दारात उभं करत नव्हतं. चाचांनी केलं. म्हणाले, "तुला बसून करायचं काम पायजे, मला ऐकणारा माणूस पायजे. माल आला की तू ऐक आणि लोकांना सांग, कसा आहे ते."

म्हणून मी दुकानाबाहेर पत्र्याखाली फळा टांगला. नवी कॅसेट आली की ती पूर्ण ऐकायची, दोन्ही बाजू, आणि दोन ओळी लिहायच्या. गझलेची आली तर, 'आवाज रेशमी, पण गायक स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात आहे.' भक्तिगीतांची आली तर, 'दुसरी बाजू आधी ऐका, पहिल्या बाजूवर देव झोपलेला आहे.' डिस्को गाण्यांच्या एका कॅसेटवर मी लिहिलं होतं, 'रिक्षावाल्यांनी घ्यावी, प्रवाशांनी उतरावे.' स्टँडवरचे रिक्षावाले आठवडाभर माझ्यावर डाफरत होते आणि आठवडाभर तीच कॅसेट लावून फिरत होते. कॉलेजचे प्राध्यापक, मच्छीचे व्यापारी, कोर्टात तारखेला आलेली माणसं, सगळे जाता जाता फळा वाचत. कॅसेट न ऐकता घेत. त्यानं लिहिलंय म्हणजे असणार, असं म्हणत. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

कंपनीचं अभिनंदन करून चार-सहा दिवस झाले असतील. एका गिऱ्हाईकाला जुन्या नाट्यगीतांच्या कॅसेटची कॉपी हवी होती. ती कॅसेट मला पाठ होती. तिच्यात सरसर तर होतीच, शिवाय तिसऱ्या पदात ऑर्गनचा भाता एकदा कुरकुरत असे आणि शेवटच्या पदात झांज जरा जास्तच जवळ होती. मी ती लावली. सरसर नाही. तिसरं पद आलं, कुरकूर नाही. शेवटचं पद आलं. झांजेचा नुसता टक असा आवाज आला, जशी लाकडाची असावी, आणि तिच्यामागून येणारी ती लांब झळाळी आलीच नाही. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

जुनी कॅसेट रातोरात सुधारत नाही. मी डेक बंद केला आणि स्टुलावर बसून राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं हो?" मी म्हणालो, डोकं साफ करायला हवं. मशीनच्या डोक्याबद्दल बोलतोय असं त्याला वाटलं. 

कोल्हापूरला कानाचा डॉक्टर आहे असं ऐकून सकाळची एसटी धरून गेलो. चाचांना सांगितलं, मावशी आजारी आहे. डॉक्टरनं सूर काढणारे लोखंडी चिमटे वाजवून कानाशी धरले. मोठा चिमटा ऐकू आला. मधला आला. लहान चिमटा त्यानं कानाशी धरला तेव्हा मी वाट बघत राहिलो, आणि बऱ्याच वेळानं कळलं की तो वाजून गेला. त्यानं पूर्वीचं आजारपण विचारलं. मी इंजेक्शनांची चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, या इंजेक्शनानं छाती वाचते, काहींच्या कानाला मात्र बाधते, आधी बारीक आवाज जातात. मी विचारलं, परत येतील? नाही म्हणाला. विचारलं, बाकीचे राहतील? त्यावर तो म्हणाला, काहींचे राहतात, काहींचे औषध थांबल्यावरही उतरत जातात, तुमचं आत्ताच सांगता येणार नाही. येताना घाटात एसटीच्या खिडक्या खडखडत होत्या आणि माझ्या मनात एवढंच होतं, की या खडखडाटातलंही काहीतरी मला येत नसणार, आणि काय ते मला कधीच कळणार नाही. पालीला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. मी आतच बसून रडलो.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. मी कानांनी पोट भरत होतो आणि कान रोज थोडे थोडे संपत होते. कुणाला सांगायची सोय नव्हती. आधीच खोकल्याचा म्हणून ओळखला गेलेला माणूस, त्यात बहिरा. चाचांनी ठेवलं असतं का? कदाचित दया म्हणून ठेवलं असतं, आणि ते मला नको होतं.

मी अधाशासारखा ऐकायला लागलो. नवा माल आला की जेवण टाकून आधी खोकी फोडायचो. पूर्वी ज्यांची टिंगल केली ती गाणीसुद्धा मी आता हेडफोन लावून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा ऐकायचो. न जाणो, पुढच्या महिन्यात हेही नसेल. एक बासरीची कॅसेट आली. पहिली बाजू खालच्या सुरांत होती, ती मी पोटभर ऐकली. दुसऱ्या बाजूला वादक वर चढला, आणि अमुक एका सुरावर बासरी नाहीशी झाली. तबला चालू, तानपुरा चालू, बासरी नाही. मग खाली उतरताना ती परत आली. तो माणूस वर काय करून आला ते सगळ्या रत्नागिरीनं ऐकलं, मी सोडून. संतूरची आली तर कुणीतरी शेजारच्या घरात खिळे ठोकत असावं असं वाटलं. ती मी रागानं खणात टाकली, आणि संध्याकाळी पुन्हा काढून लावली.

उलट जे मला आवडत नव्हतं ते आवडायला लागलं. डिस्कोचा ढोल मला व्यवस्थित ऐकू यायचा, म्हणून डिस्को बरं वाटायला लागलं. जाड्या आवाजाचे कव्वाल, घोगऱ्या आवाजाचे कीर्तनकार, पोवाडे. आखातातून कुणी आणलेली अरबी गाण्यांची एक कॅसेट होती. तिच्यातलं मोठं चामड्याचं वाद्य मी तासन्‌तास ऐकायचो, भाषा कळत नव्हती तरी. फळ्यावरची माझी स्तुती हळूहळू तिकडे सरकली. एक प्राध्यापक म्हणालेसुद्धा, "तुमची अभिरुची बदललेली दिसते." मी म्हणालो, वय झालं. सत्ताविसाव्या वर्षी मी हे म्हणत होतो.

निभावून न्यायचे नियम मी बसवले होते. डेकच्या आवाज दाखवणाऱ्या काट्यांवर नजर ठेवायची. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याच्या ओठांकडे बघायचं. आणि मुख्य नियम असा, की बारीक वाजणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल फळ्यावर अक्षर लिहायचं नाही. झांज नाही, बासरी नाही, जलतरंग नाही. वर्षभर मी तो पाळला. मोडला तो फक्त एकदा.

श्रावणात मुंबईहून जाखडीची एक कॅसेट आली. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. मधे गाणारे बुवा, ढोलकी आणि टाळ घेऊन बसलेले, आणि भोवती पायात घुंगरांचे चाळ बांधून गोल फिरणारे नाचे. यात दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातून उत्तर द्यायचं, आणि वैर असं की सोयरीक जमवतानासुद्धा विचारून घेतात. पालीच्या पुढच्या एका गावातल्या शक्तीवाल्यांनी ही कॅसेट काढली होती. त्यांचे सगळे गडी मुंबईला गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडल्यावर निम्मे गावी परत आलेले. गावच्या मंडळाची कॅसेट निघणं म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट होती.

मी ती तीनदा ऐकली. बुवांचा आवाज खर्जातला, भरदार, एकेक शब्द मला स्वच्छ येत होता. कित्येक महिन्यांत इतकं पूर्ण असं काही ऐकलं नव्हतं.  घुंगरू नव्हते, पण मी फार सावध होतो, म्हणून त्याचाही विचार केला. घुंगरू असते तर नाच्यांचे पाय आपटल्याचा धपधप आवाज आला असता, आणि तसला आवाज मला उत्तम ऐकू येतो. तो तर कुठेच नव्हता. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत जागा नसणार आणि नाच्यांना घेतलं नसणार. हिशोब चोख होता. मला काहीच सुटलेलं नाही, ही कॅसेट माझ्या कानांत पूर्ण मावली आहे, या आनंदात मी लिहून गेलो, 'शक्तीवाल्यांची नवी कॅसेट. बुवांचा आवाज ऐकाच. घुंगरांचा गोंगाट ठेवला नाही हे फार बरे केले.'

गणपती आले आणि गेले. मला कल्पना नव्हती, पण माझी ती ओळ तालुकाभर फिरली होती. एका सामन्यात तुरेवाल्यांनी तिच्यावर सवाल बांधला. तुमच्या पायांतले घुंगरू गेले कुठे, ते आधी सांगा आणि मग आमच्यापुढे उभे राहा, असा. लोक म्हणे हसून हसून लोळले.

हे मला बुवांकडूनच कळलं. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, चाचा नमाजाला गेलेले, बाजार सुस्त. पन्नाशीचा, काळासावळा, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. बोलायला लागला तसा आवाजावरून मी ओळखला. भांडायला आला आहे असं समजून मी उभा राहिलो.

"बस, बस," ते म्हणाले. "मी भांडान करूक आलो नाय. येक इचारायचा हाय. फल्यावर तू लिवलास, घुंगरू नाय म्हनून. माजी पोरा सांगतात, हायत. शपत घेऊन सांगतात. खरा कोनाचा?"

मी म्हणालो, "पोरं सांगतात तर असतीलच की, बुवा. तुम्ही स्वतः ऐकलीत ना कॅसेट?"

त्यांनी टॉवेलनं मान पुसली आणि म्हणाले, "पोरा माजा मन राकायला पन सांगतील. तुजा लिवलेला कदी चुकत नाय म्हनतात. लाव बगू."

मी कॅसेट लावली. आवाज मोठा केला. ढोलकी आली, बुवांचा आवाज आला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण घुंगरू असतील तर ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसणार होते. आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आवाज आणखी वाढवला. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि आम्ही दोघं एकमेकांचा चेहरा न्याहाळत बसलो होतो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बुवा," मी म्हणालो, "तुम्हाला येत नाही ऐकू."

त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मागात बावीस वर्सा काडली. शंबर माग येकदम चालतात, ततं कान कोनाचे ऱ्हातात? बोलना समाजता, ढोलकी समाजता. घुंगरू जाऊन बारा वर्सा झाली. मंडलात कोनाला म्हायती नाय."

"मग ताल कसा धरता?"

"पाय बगतो. पायात चाल हायत, पाय पडला म्हंजे वाजला." त्यांनी डेककडे बोट केलं. "इस्टुडिओत मना कापडाच्या भिंतीकडं तोंड करून उभा केलान. नाचे मागं. खाली जाडी सतरंजी, पाय आपटलेला येऊ नये म्हनून. मना येक पाय दिसला नाय. घुंगरू टेपीत गेले की नाय, कोनाला इचारू?"

सतरंजी. माझा चोख हिशोब त्या सतरंजीखाली होता. आता मला खोटं बोलता आलं असतं. पण मी थकलो होतो. वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि सांगायला मला हाच माणूस हवा होता. मी म्हणालो, "बुवा, मलाही येत नाही. मी बहिरा होतोय. मी लिहिलं ते ऐकून नाही लिहिलं."

कॅसेट चालूच होती. बुवा माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या लांबून ते ज्याच्या कानांच्या भरवशावर एसटीनं आले होते, तो मी त्यांच्यासारखाच निघालो होतो. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. फक्त त्यांचे खांदे उतरले. गावात जाऊन आता कुणावर विश्वास ठेवायचा, असंच त्यांच्या मनात असणार. मी शरमेनं खाली बघितलं.

तेवढ्यात चाचा नमाजाहून परतले. पायरीवर चपला काढता काढताच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हातानं मला आवाज कमी करायची खूण केली. मी डेकचं बटण फिरवलं.

"बाजारभर ऐकू जातंय," चाचा म्हणाले. "गाणं राहिलं बाजूला, नुसते ते घुंगरू डोक्यात घुसतात. किती घुंगरू रे बाबा, किती माणसं नाचतायत?"

"बारा," बुवा म्हणाले.  "बारा जन हायत." मग त्यांनी टॉवेल तोंडाला लावला. ते रडत होते आणि हसतही होते, आणि चाचांना काय झालं ते समजेना. बुवांचे घुंगरू होते. टेपीत गेले होते. माझे मात्र त्याच वाक्यानं कायमचे गेले. तोवर मला कुठंतरी आशा होती की पोरं खोटं बोलत असतील, खरोखरच घुंगरू नसतील, निदान ती एक कॅसेट मी पूर्ण ऐकली असेल.

बुवा जायला उठले. मी फडकं घेऊन बाहेर आलो आणि खडू हातात घेतला. कित्येक आठवडे झाले तरी ती ओळ फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तशीच होती, कारण तिच्या अभिमानानं मी ती पुसली नव्हती. मी बुवांना म्हणालो, "चाचांकडून लिहवून घेतो. त्यांनी ऐकलंय."

"नको," ते म्हणाले. "लोका तुजाच मानतात. तूच लिव."

मी लिहिलं, 'शक्तीवाल्यांच्या कॅसेटीत बारा जणांचे घुंगरू आहेत. उत्तम वाजले आहेत. आधी लिहिले ती माझी चूक.' बुवांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मी विचारलं, "बुवा, तुमचं बारा वर्षं निभलं. माझंही निभेल ना?"

खोटं बोलण्याइतकी आमची ओळख नव्हती आणि ते बोललेही नाहीत. डेककडे, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माज्यापुडं पाय असतात रं. तुज्या या कॅसेटीक पाय कुटं हायत?" मग माझ्या पाठीवरून हात फिरवून ते स्टँडकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना सगळं सांगितलं आणि काम सोडलं. त्यांनी राहा म्हटलं, दोनदा म्हटलं, कॅसेटी लावून ठेवायचं काम कर म्हणाले. मी नको म्हणालो. पुढे खडू उडून अक्षरं पुसट होईपर्यंत फळ्यावर ती ओळ होती आणि ती वाचून लोकांनी कॅसेट नेली, असं चाचा सांगत. माझी ती शेवटची ओळ. आजवर लिहिलेल्यांत तेवढी एकच पूर्ण खरी होती, आणि तिच्यातलं काहीही मी ऐकलं नव्हतं.